लोंबत्या कानांचा ससा आणण्याआधी हे वाचा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मला मेसेज सुरू होतात. "मुलगी मागे लागलीय, तुमच्या बुंदीसारखा ससा कुठे मिळेल?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. माझं म्हणणं असं की मुलांसाठी म्हणून ससा आणू नका. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला स्वतःला तो हवा असेल आणि पुढची आठ-दहा वर्षं त्याचं सगळं करायची तयारी असेल, तरच आणा. लोंबत्या कानांचा आणायचा असेल, तर दोनदा विचार करा.

माझी बुंदी हॉलंड लॉप आहे; लॉप म्हणजे लोंबत्या कानांचा ससा. नेदरलँड्समध्ये आद्रियान द कॉक नावाच्या गृहस्थांनी 1949 पासून मोठा फ्रेंच लॉप आणि बुटका नेदरलँड ड्वार्फ यांचा संकर करत ही जात घडवली. तिकडे 1964 मध्ये तिला मान्यता मिळाली. पूर्ण वाढलेला ससाही पावणेदोन किलोच्या आसपासच राहतो. गोल तोंड, चपटं नाक, गालांवर पडलेले कान, हे सगळं माणसाच्या डोळ्यांना गोड वाटावं म्हणून पिढ्यान् पिढ्या निवडत आणलेलं आहे. त्याची किंमत ससा मोजतो, आणि ती मुख्यतः कानात मोजतो.

उभ्या कानात हवा खेळते आणि मळ आपसूक वर सरकून बाहेर पडतो. लॉपचा कान मुळाशीच दुमडलेला असल्यामुळे आतली नळी चेपते, मळ अडकतो, ओल राहते आणि जंतू वाढतात. संसर्ग आतल्या कानापर्यंत पोचला की ससा मान वाकडी करून चालतो, तोल जाऊन पडतो. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये बेवारस सशांच्या निवाऱ्यातले लोंबत्या आणि उभ्या कानांचे ससे तपासून पाहिले. गट लहान होता, पण लोंबत्या कानांच्या सशांत नळी अरुंद, मळ जास्त आणि कानाला हात लावल्यावर दुखण्याची लक्षणंही जास्त आढळली. वरून पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. कान पडलेलाच असतो, फोटोत छानच दिसतो.

म्हणून बुंदीचे कान मी दर आठवड्याला बघते. जमिनीवर बसायचं, मांडीवर टॉवेल, त्यावर ती. एका हाताने तिचा मागचा भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने कान हळूच उचलायचा आणि मोबाईलच्या टॉर्चने आत बघायचं. फिकट गुलाबी, कोरडं, थोडासा पिवळसर मळ असेल तर ठीक. मग नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. आंबूस वास आला किंवा पांढरट, दह्यासारखं काही दिसलं, की दुसऱ्या दिवशीची वाट न बघता डॉक्टर. कानात बड घालायचा नाही, मळ आणखी आत जातो. कानाच्या मुळाशी बोटाने दाबल्यावर तिने मान झटकली तरी मी ते लिहून ठेवते.

मागचा भाग धरायचा तो उगाच नाही. सशाचे मागचे पाय जबरदस्त ताकदीचे आणि हाडं मात्र नाजूक. हवेत उचलल्यावर घाबरून त्याने जोरात लाथ मारली, तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. सशाला उचलणं म्हणजे त्याच्या लेखी शिकाऱ्याने पकडणं. सात वर्षांच्या मुलाला हे कितीही समजावलं तरी त्याचा हात कुशीत घ्यायलाच जाणार, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. मुलांनी जमिनीवर पालथं पडून वाट बघावी, ससा आपणहून येऊन हुंगतो.

खाण्याबद्दल. पिंजऱ्यासोबत रंगीत दाण्यांचं पाकीट देतात, ते बाजूला ठेवा. सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावूनच. खाण्यातला बहुतेक भाग वाळलेलं गवत हवं. टिमोथी गवत महाग पडतं, हे खरं. लसूणघास स्वस्त आणि सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार; पिल्लाला चालतो, मोठ्या सशाच्या मूत्राशयात त्याचा गाळ साठू शकतो. स्वच्छ जागेवरची, औषध न मारलेली हरळी उत्तम. कोथिंबीर आवडीने खातात. गाजर गोड असतं, म्हणून अगदी छोटा तुकडा.

रोज सकाळी मी आधी लेंड्या बघते. गोल, कोरड्या, एकसारख्या असल्या की जीवात जीव येतो. सशाला उलटी होत नाही, आतडं थांबलं की आत गॅस साचत जातो. अर्धा दिवस ससा खात नसेल तर ती इमर्जन्सी आहे, "उद्या बघू" नाही. उन्हाळ्याचंही तसंच. तापमान तिशीच्या पुढे गेलं की त्याला त्रास सुरू होतो. विदर्भातल्या मे महिन्यात कूलर-एसीशिवाय ससा ठेवणं मला क्रूरपणा वाटतो. दिवाळीतल्या फटाक्यांच्या धसक्यानेही ससे दगावतात.

डॉक्टर आधी शोधा, ससा नंतर. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर खूप आहेत, सशांची सवय असलेले थोडे. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला मारू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिलसुद्धा. मादी असेल तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन कोण करेल तेही विचारून घ्या, कारण ते न केलेल्या माद्यांमध्ये वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण खूप वाढतं.

आणि दुकानदार. लॉपची पिल्लं जन्मतात तेव्हा कान पडलेले नसतात, ते पुढच्या काही आठवड्यांत पडतात. त्यामुळे "कान नंतर पडतील" म्हणत साधं पिल्लू लॉपच्या भावात विकलं जातं. मग कान उभेच राहिले म्हणून हिरमुसलेली माणसं मला फोटो पाठवतात. अहो, ठेवा ना त्याला! उभ्या कानांचा ससा तितकाच हुशार असतो, आनंद झाला की हवेत तश्शीच गिरकी घेतो, आणि त्याच्या कानांची काळजी तुम्हाला कमी.

बागेत किंवा शेतावर मात्र सोडून देऊ नका. पाळीव ससा रानात जगत नाही, दिवस उजाडायच्या आत कुत्री-मांजरं त्याला संपवतात. ज्यांना ठेवणं खरंच शक्य नाही त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा, घर शोधायला मी मदत करीन. आणि ज्यांना ससा हवाच आहे त्यांनीही दुकानात जाण्याआधी लिहा. सुट्टी संपली की नको झालेले ससे दरवर्षी असतातच, त्यांत लॉपही असतात.