रात्री इंजिन रूमला कुलूप लागत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: आधुनिक जहाजांची इंजिन रूम संध्याकाळी बंद करतात आणि इंजिनिअर सकाळपर्यंत निवांत झोपतात. खाली सगळं कॉम्प्युटर बघतो. अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं आलबेल. आणि काही बिघडलंच तर यंत्र आपणहून बंद होतं, त्यामुळे धोका असा नाहीच. सबब वॉच ठेवणं, म्हणजे पाळीपाळीने इंजिन रूममध्ये पहारा देणं, ही जुनाट पद्धत, आणि एवढे इंजिनिअर हवेतच कशाला?

मी अशाच जहाजांवर नोकरी केली आहे आणि उशाशी अलार्म पॅनेल घेऊन कितीतरी रात्री काढल्या आहेत. पहिल्या जहाजावर जायच्या आधीच नवी मुलं हे वाचतात आणि हाच समज घेऊन खाली उतरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘संध्याकाळी बंद करतात.’ बंद काहीच होत नाही. मेन इंजिन, जनरेटर, बॉयलर, तेल साफ करणारे प्युरिफायर, सगळं रात्रभर चालू असतं. फक्त माणसं वर येतात. बोलताना आम्ही याला यूएमएस (अनअटेंडेड मशिनरी स्पेस, म्हणजे माणसाविना चालणारी इंजिन रूम) म्हणतो. सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या भागात, ‘ई’ विभागात, नियम 46 ते 54 यासाठीच आहेत. त्यातला पहिलाच नियम सांगतो की अशा जहाजाची सुरक्षितता, बंदरात वळतानासुद्धा, माणसं हजर असलेल्या जहाजाइतकीच असली पाहिजे. बाकीचे नियम ती कशी साधायची ते सांगतात. आणि त्या सगळ्यांचा भार शेवटी संध्याकाळच्या एका फेरीवर येतो.

ती फेरी अशी असते. बिल्जच्या, म्हणजे तळाशी पाणी-तेल साचतं तिथल्या, विहिरी कोरड्या आहेत ना, ते टॉर्च मारून बघायचं. डे टँकमध्ये (रोजच्या वापराच्या टाकीत) रात्र निघेल इतकं तेल आहे ना. स्टँडबाय पंप आणि स्टँडबाय जनरेटर ऑटोवर आहेत ना. इंजिन सुरू करायच्या दाबाच्या हवेच्या बाटल्या भरलेल्या, आगीचे दरवाजे मिटलेले, इमर्जन्सी फायर पंप तयार. वर्कशॉपमध्ये गॅसच्या बाटल्या बंद, तेलकट चिंध्या उचललेल्या. फायर पॅनेलवरचे सगळे झोन, म्हणजे आग ओळखणाऱ्या डिटेक्टरांचे गट, चालू. मग यादीवर सही, ब्रिजला (जहाज चालवायच्या खोलीला) फोन, केबिनच्या अलार्मची चाचणी, आणि मगच वर.

एका संध्याकाळी मी यादी हातात घेऊन फायर पॅनेलसमोर उभा होतो. ‘सर्व झोन चालू’ या ओळीपुढे बरोबरची खूण आधीच पडलेली होती. पॅनेलच्या कोपऱ्यात मात्र एक लहानसा पिवळा दिवा लागलेला. दुपारी वर्कशॉपमध्ये वेल्डिंग होतं, धुराने उगाच बोंब नको म्हणून तिथला डिटेक्टर बाजूला काढला होता, आणि काम उरकल्यावर तो परत जोडायचा राहून गेला होता. खूण करणाऱ्या मुलाने पॅनेल बघितलंच नव्हतं, कालची यादी बघितली होती. तो दिवा नजरेतून सुटला असता, तर दुपारी जिथे वेल्डिंग झालं होतं, त्याच खोलीवर रात्रभर कुणाचंही लक्ष नसतं. अलार्म वाजला नसता. कसा वाजेल?

‘सगळं कॉम्प्युटर बघतो.’ जिथे सेन्सर आहे तेवढंच तो बघतो. बिल्जचं पाणी वाढलं हे तो सांगेल, कुठल्या पाइपातून ते येतंय हे नाही सांगणार. मुख्य इंजिनाच्या उच्च दाबाच्या इंधननळ्यांना दुहेरी आवरण असतं. आतली नळी फुटली तर तेल बाहेर न उडता एका लहान टाकीत उतरतं आणि अलार्म देतं. ही सोय उत्तमच. पण प्युरिफायरच्या एखाद्या फ्लँजमधून (पाइपाच्या जोडातून) थेंब थेंब पडणारं तेल, पाइपाचा सैल झालेला क्लॅम्प, पंपाचा बदललेला आवाज, यांना सेन्सर नसतो. तापलेल्या भागांचंही तेच. ज्या पृष्ठभागाचं तापमान 220 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं आणि ज्यावर तेल उडू शकतं, तो नीट झाकलेला असावा असा नियम आहे. दिवसा कामासाठी एक्झॉस्टवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) काढलं आणि घाईत अर्धंच बसवलं, तर कुठलाही स्क्रीन ते दाखवणार नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं, माणसं वर जायच्या आधी.

‘अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक.’ या वाक्याने माझी झोप सर्वांत जास्त उडते. याहून घातक याच वाक्याचं जुळं भावंड आहे: ‘वाजला होता, पण आपोआप गेला.’

23 मार्च 2019 रोजी ‘व्हायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज नॉर्वेच्या हुस्टाडविका भागात वादळात सापडलं. जहाजावर 1,373 माणसं होती. जनरेटर चालवणाऱ्या इंजिनांच्या टाक्यांमध्ये ल्यूब ऑइलची (वंगणाच्या तेलाची) पातळी कमी होती, समुद्र उसळल्यावर तेल एका बाजूला सरकलं, पंपांना ओढायला तेल मिळेना, आणि एकेक इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडलं. वीज जाऊन जहाज अंधारात गेलं आणि खडकांच्या दिशेने वाहू लागलं. त्याआधीच तेलाच्या कमी पातळीचे अलार्म येऊन गेले होते, पण दर वेळी ते थोड्याच वेळात निवळले. बिघाड कंट्रोल रूम रिकामी ठेवल्यामुळे झाला असं मी म्हणत नाही. मुद्दा अलार्मचा आहे. जो येतो आणि जातो, तो काहीतरी काठावर आलंय हे सांगत असतो. माणूस खाली बसलेला असताना हे निसटू शकतं, मग रात्री केबिनमध्ये झोपेतून उठून बटण दाबणाऱ्याकडून किती सहज निसटेल?

नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून बिल्ज पंप आपोआप सुरू होणारा असेल, तर तो नेहमीपेक्षा जास्त वेळा सुरू होतोय हेसुद्धा कळलं पाहिजे अशी अट आहे. पंपाने पाणी काढून टाकलं म्हणून गळती थांबत नाही. एक अलार्म स्वीकारल्यामुळे, म्हणजे बटण दाबून त्याची दखल घेतल्यामुळे, दुसरा दबता कामा नये. अलार्म यंत्रणेची वीज गेली तर तिने दुसऱ्या पुरवठ्यावर आपोआप जायला हवं, आणि वीज गेल्याचाही अलार्म द्यायला हवा. अलार्म कंट्रोल रूममध्ये, ड्यूटी इंजिनिअरच्या केबिनमध्ये आणि इंजिनिअरांच्या बैठकीच्या खोल्यांमध्ये वाजतो, आणि गरज असेल तिथे ब्रिजवरही कळतो. केबिनमधल्या पॅनेलवर साधारणपणे फक्त आवाज थांबवता येतो. अलार्म स्वीकारायला खाली जावंच लागतं. ठरलेल्या वेळात कुणी गेलं नाही तर सगळ्या इंजिनिअरांना उठवणारी घंटा वाजते.

‘बिघडलं तर यंत्र आपणहून बंद होतं.’ अर्धं खरं, आणि त्यामुळेच दिशाभूल करणारं. बहुतेक अलार्मनी इंजिन बंद होत नाही. नियमच असा आहे की गंभीर नुकसान, संपूर्ण मोडतोड किंवा स्फोट होऊ शकेल अशाच वेळी मुख्य इंजिन आपोआप बंद व्हावं. काही बिघाडांत वेग फक्त उतरवला जातो. क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंदिस्त भागाचं, उदाहरण घ्या. आतलं एखादं बेअरिंग तापलं की तेलाची वाफ होते, तिचं दाट धुकं जमतं आणि तीच उष्ण जागा त्याला पेटवते. 1947 मध्ये ‘रेना देल पॅसिफिको’ जहाजावर चाचणी प्रवासात क्रँककेसचे स्फोट झाले आणि 28 माणसं गेली. आज 2,250 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या इंजिनांवर, तसंच 300 मिलिमीटरहून जास्त व्यासाच्या सिलिंडरच्या इंजिनांवर, ऑइल मिस्ट डिटेक्टर किंवा बेअरिंगचं तापमान सांगणारी सोय लागते. पण त्या डिटेक्टरच्या नळ्या साफ ठेवणं आणि त्याची चाचणी घेणं माणसाकडेच आहे. शिवाय मोठ्या मंदगती इंजिनांवर अलार्म आल्यावर वेग उतरतो, इंजिन लगेच थांबत नाही. पुढचा निर्णय माणसाने घ्यायचा असतो.

आणि बंद होणं म्हणजे सुटका, हेही चूक. भर समुद्रात इंजिन थांबलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. किनाऱ्याजवळ, वाऱ्यात थांबलं तर जहाजच जाऊ शकतं. जहाजाची वीज गेल्यावर इमर्जन्सी जनरेटरने 45 सेकंदांच्या आत भार घ्यायचा असतो, पण त्यावर मुख्य इंजिन चालत नाही.

‘इंजिनिअर निवांत झोपतात.’ ड्यूटीवरचा झोपतो, हो, कपडे आणि बूट हाताशी ठेवून. कधी रात्र शांत जाते, कधी एका रात्रीत तीनदा खाली जावं लागतं. 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत 77 तास विश्रांती हवी असा नियम आहे, आणि अलार्मने झोप मोडली तर भरपाईची विश्रांती द्यावी असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. रात्रभर उठलेल्या माणसाला सकाळी आठला नेहमीच्या कामाला जुंपलं, तर पुढच्या संध्याकाळची यादी तोच, थकलेल्या डोळ्यांनी, भरणार असतो. वर सांगितलेला पिवळा दिवा तिथेच सुटतो.

उरला शेवटचा मुद्दा, वॉच जुनाट झाल्याचा. बंदराची वाट दाखवणारा पायलट जहाजावर असताना, बंदरात शिरताना, चिंचोळ्या पाण्यात, दाट धुक्यात, खवळलेल्या समुद्रात इंजिन रूममध्ये माणूस असतो. अलार्म यंत्रणाच नादुरुस्त असेल, तरी असतो. मोठी दुरुस्ती करून नुकतंच चालू केलेलं यंत्र शहाणा चीफ इंजिनिअर पहिल्याच रात्री एकटं सोडत नाही.

आणि रात्री अलार्मवर जो खाली जातो, तो एकटाच असतो, म्हणून त्याच्यासाठीही सोय आहे. तो आधी ब्रिजला फोन करतो, खाली शिरताना डेड मॅन अलार्म लावतो. साधारण अर्ध्या तासाच्या आत त्याने बटण दाबून ‘मी ठीक आहे’ असं कळवायचं असतं, नाहीतर ब्रिजवर आणि इतर केबिनमध्ये घंटा वाजते. एकदा मी वर आल्यावर तो काढायला विसरलो. बुटाची नाडी सोडत होतो तेवढ्यात घंटा वाजली, आणि दार उघडलं तर सेकंड इंजिनिअर आणि मोटरमन (इंजिन रूममधला खलाशी) जिन्याने खाली धावत होते. दोघांच्याही हातात टॉर्च होते, आणि सेकंडच्या पायात चपला.