रस्ते रिकामे नव्हते

जुन्या शहरांचे फोटो टाकून खाली ‘किती निवांत होतं तेव्हा!’ असं लिहिलेलं दिसलं की मला राहवत नाही. तो निवांतपणा शहराचा नव्हताच हो, कॅमेऱ्याला हलती माणसं पकडताच यायची नाहीत!

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या ‘बुलव्हार द्यु ताँप्ल’चा काढलेला फोटो नीट बघा. नाटकगृहांचा, कायम गजबजलेला रस्ता. पण चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. तेवढ्यात चालती माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं गेलं. खाली डावीकडे एकच जण ओळखू येतो, एक पाय वर ठेवून बुटांना पॉलिश करून घेणारा. तो स्थिर उभा होता म्हणून टिकला. पॉलिश करणाऱ्याचे हात चालू होते, म्हणून तो नुसता धूसर. कष्ट करणाराच फोटोत नीट आला नाही, हे मला फार लागतं.

छायाचित्रकार मार्व्हिलच्या फोटोंनी तर मी आणखी अस्वस्थ होते. १८५३ पासून पॅरिसचा प्रशासक ओसमान याने सम्राट नेपोलियन तिसऱ्यासाठी जुनं पॅरिस पाडायला घेतलं. पाडायच्या गल्ल्यांची नोंद म्हणून १८६० च्या दशकात खुद्द शहर प्रशासनानेच मार्व्हिलकडून चारशेच्या वर फोटो काढून घेतले. ओली फरसबंदी, गल्लीच्या मधोमध चकाकणारं गटार, भिंतीवर जाहिराती. माणूस जवळपास नाहीच. ज्यांची घरं जाणार होती, ते फोटोतून आधीच गेलेले! मग बघणाऱ्याला वाटणारच, इथे कोण राहत होतं, पाडलं ते बरंच झालं. नव्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवेही पुढे याच मार्व्हिलने टिपले, तेही तितक्याच निगुतीने.

गर्दी दिसते ती चित्रांत. चित्रकार मोनेने ‘बुलव्हार दे काप्युसिन’ या रस्त्यावरची माणसं ब्रशच्या फटकाऱ्यांनी रंगवली. १८७४ च्या प्रदर्शनात, तेही छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, एका समीक्षकाने त्या फटकाऱ्यांची टर उडवली. मला तीच खरी वर्दळ वाटते. पण तीही नव्या, रुंद रस्त्यावरची. चित्रकार काय्बोतच्या १८७७ च्या पावसाळी चित्रातही छत्र्या आणि उंच टोप्या घातलेले लोकच पुढे आहेत. भाडेकरू आणि घरमालक यांची भांडणं बघायची तर वर्तमानपत्रातल्या दोमिएच्या व्यंगचित्रांकडे जावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मार्व्हिलचे फोटो छापा, भिंतीवर लावा, जरूर शेअर करा. पण ते कोणी काढून घेतले, कशासाठी, आणि त्या रस्त्यांवरून चालणारी माणसं काचेच्या निगेटिव्हवर का उमटली नाहीत, हे खाली लिहा. ‘सुंदर जुनं पॅरिस’ एवढीच ओळ नको.