दिव्यांचे चोचले नव्हेत, गुरुजी

गुरुजी, नमस्कार.

बंदररोडच्या रुंदीकरणातच एलईडी पथदिवे धरा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच सुनावलंत: नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि तुम्हाला दिव्यांचे चोचले सुचतात. वीजबिलाच्या बचतीतून दिव्यांचे पैसे फिटतात हा हिशेब कागदावरचा. आणि दोन पावसाळ्यांत दिवे बंद पडले की हप्ते मात्र गावाच्या बोकांडी. दुसरा मुद्दा वाचून मी रविवारी रात्री बंदररोडचे खांब मोजायला गेलो. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

पाण्याचं आधी सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात आपल्यासारख्या लहान शहरांना जे अनुदान दिलं, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले आहेत. त्या पैशातून दिव्याचा एक खांबसुद्धा उभा करता येत नाही. मी बोलतोय ते पथदिव्यांच्या वीजबिलाबद्दल. ते बिल आपण दर महिन्याला भरतोच आहोत, आणि त्यातला बराचसा पैसा जुने पिवळे सोडियम दिवे आणि त्यांचे चोक खातात.

आता हिशेब. एसटी स्टँडपासून जेटीपर्यंत ४१ खांब आहेत. त्यातले १७ बंद. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट साधारण १७० वॅट ओढतो. त्या जागी ६० वॅटचा एलईडी बसवला की दिव्यामागे ११० वॅट वाचले, आणि ४१ दिव्यांचे झाले ४,५१० वॅट. दिवे वर्षाला सुमारे ४,००० तास जळतात, म्हणजे १८ हजार युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाची बचत जवळजवळ १ लाख ४४ हजार. प्रस्तावात असाच आकडा लिहिला जातो आणि सभेत टाळ्या पडतात.

पण १७ दिवे बंद असताना ते वीज खातच नाहीत! आज जळतात ते २४, त्यांचा भार ४,०८० वॅट. नवे ४१ च्या ४१ लागले की भार २,४६० वॅट. खरी बचत १,६२० वॅटची, म्हणजे वर्षाला साधारण ५२ हजार रुपये. कागदावरच्या आकड्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तुमचा संशय बरोबर होता, गुरुजी, आणि मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं.

तरीही मी मागणी सोडत नाही. फिटिंगला ५ हजार धरले तर ४१ फिटिंगचे २ लाख ५ हजार होतात, ते खऱ्या बचतीतूनही चार वर्षांत फिटतात. शिवाय बिल कमी होऊन सगळा रस्ता उजळतो. या बचतीवर खांब, केबल आणि खोदाईचा बोजा टाकला तर मात्र हिशेब कोलमडतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की खांब आणि केबल रस्त्याच्या निधीत धरा, फिटिंग तेवढं बिलाच्या बचतीतून फेडा. रस्ता उकरलेला असताना फुटपाथखाली पाइप टाकायला फारसं काही लागत नाही. डांबर पडल्यावर केबलसाठी तोच रस्ता पुन्हा फोडायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

बचतीतून फेडण्याची पद्धत काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला, तो याच तत्त्वावर. ईईएसएल ही सरकारी कंपनी आधी पैसे घालते, देखभाल करते आणि नगरपालिका साधारण सात वर्षांत हप्त्यांनी फेडते. देशभरात १ कोटी ३० लाखांहून जास्त दिवे असे बदलले गेले. बऱ्याच ठिकाणी पालिकांनी हप्ते थकवले, हेही खरं. त्यासाठी पथदिव्यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि प्रत्येक स्विच पॅनेलला चालू स्थितीतला मीटर असावा, म्हणजे बचत मोजून दाखवता येईल. जो दिवा ठरल्या मुदतीत दुरुस्त झाला नाही, त्याचा हप्ता कापायचा. हे कलम करारात नसेल तर मीच तुमच्या बाजूने सभेत उभा राहीन.

राहिला पावसाळा. जेटीजवळच्या एका खांबाच्या बुडाशी मी सहज स्कूटरची किल्ली टेकवली, तर ती पत्र्यातून आरपार गेली. वरून खांब अगदी रंगवलेला, धडधाकट! ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने या किनाऱ्यावर किती खांब आडवे केले ते तुम्हाला सांगायला नको. खाऱ्या हवेत नुसता रंग टिकत नाही. खांबाला आतबाहेर जस्ताचा थर हवा आणि बूड काँक्रीटमध्ये वर उचललेलं हवं. फिटिंग पाणी आत न शिरणारं आयपी ६६ दर्जाचं असावं, विजेच्या लोळाने ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, जळू नये म्हणून सर्ज प्रोटेक्टरही हवा. थोडं महाग पडेल. पडू दे.

आणि उजेड पांढराफटक नको. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघाली की उजळ दिशेकडे धावतात. मागे झगझगीत दिवे असले तर समुद्र सोडून रस्त्याकडे येतात. समुद्राकडच्या बाजूला ३,००० केल्विनचे, खाली तोंड असलेले उबदार दिवे लावता येतात.

सोमवारी पहाटे मी पुन्हा गेलो होतो. मच्छीमार वाडीच्या वळणावर सलग चार दिवे बंद आहेत. बायका लिलावाला निघाल्या होत्या. पुढची मोबाइलचा टॉर्च पायाखाली मारत होती आणि मागच्या तिघी तिच्या टाचांवर नजर ठेवून चालत होत्या. मागून टेम्पो आला तेव्हा चौघी गटाराच्या कडेला अंग चोरून उभ्या राहिल्या. गुरुजी, याला मी चोचले म्हणू शकत नाही.

अंदाजपत्रक अजून तांत्रिक मान्यतेला गेलेलं नाही. त्याआधी सगळ्या खांबांची यादी मुख्याधिकाऱ्यांच्या हातात पडायला हवी. तुमच्या आळीतले खांब तुम्ही मोजाल का? चालू, बंद आणि बूड गंजलेलं, एवढे तीन रकाने पुरेत. गुरुवारी रात्री आठनंतर मी वही घेऊन तुमच्या पडवीत येतो.