बंदूक कारखान्यात कशाला, वाडीत मिस्त्री आहे ना!

भात पोटरीला आले आहे, रात्री रानडुकरे मळ्यात उतरू लागली आहेत आणि नेमक्या याच वेळी तुमची शेतीसंरक्षण परवान्यावरील बाराबोर बंदूक चापाला बोट लागण्यापूर्वीच बार काढू लागली आहे. वॉरंटी शिल्लक असल्याने तुम्ही कंपनीकडे केवळ एक सुटा भाग मागितला, तर उत्तर आले की बंदूकच पाठवा. कोकणी माणसाच्या अकलेवर इतका उघड अविश्वास कोणी सहन करू नये.

कंपनीचे म्हणणे असे की, दोष त्या भागातच आहे हे फोटोवरून कळत नाही. खाऱ्या वाऱ्याने आत गंज चढला असेल, बांधावर टेकवताना नळीत चिखल जाऊन ती फुगली असेल किंवा कोणी घरी भरलेले काडतूस वापरले असेल. शिवाय चाप ज्या खाचेवर घोडा अडकवून ठेवतो, ती खाच त्याच बंदुकीशी जुळवून, मापून आणि बार काढून तपासावी लागते. बारा बोअरच्या काडतुसाचा दाब हवेच्या दाबाच्या 700 पटींच्या घरात जातो, आणि तो तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो, हे खरे. पण गाल तुमचा आहे. कंपनीने त्याची एवढी काळजी का वाहावी? (नळी फुटल्यावर वकिलाची नोटीस मात्र तिलाच पाठवायची, हे विसरू नका.)

तेव्हा जेटीवर होडीची इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडेच जावे. तो कानस घेतो, खाचेवर दोन हात मारतो आणि 'आता लोण्यासारखा चलता' म्हणून बंदूक परत देतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो, आणि 2019 मध्ये कायद्यात झालेल्या बदलानंतर तो नसताना हे काम केल्यास किमान 7 वर्षे कैद आहे. पण ती मिस्त्रीला होईल, तुमचा चहा तेवढा वाया जाईल. शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, म्हणून कंपनी कुरियरने तुकडा पाठवायला बिचकते, हा तिचा भित्रेपणा समजावा.

एवढे करूनही बंदूक सुधारली नाही, तर ती खुशाल वॉरंटीत पाठवून द्यावी आणि सोबतच्या पत्रात 'आजवर कोणी उघडलेली नाही' असे ठळक अक्षरांत लिहावे. कानशीचे ओरखडे कारखान्यातल्या लोकांना कुठे ओळखता येतात!