लातूरच्या धावपट्टीवर प्लॉट पाडू नका

काल टपरीवर पुन्हा तोच विषय निघाला. "कसलं विमानतळ? महिन्यात चार पुढारी अन् दोन शेठजी उतरतात. त्यापेक्षा प्लॉट पाडा, गोरगरिबांची घरं तरी होतील," असं माझा जवळचा मित्र बोलला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तिथं मी गप्प बसलो, पण रात्रभर झोप लागली नाही.

तिकीट काढून लातूरहून उडता येत नाही, याचं दुःख मलाही आहे. २००८ च्या सुमारास किंगफिशरचं विमान यायला लागलं, तेव्हा आम्ही लेकरांना खांद्यावर घेऊन भिंतीपाशी उभे राहिलो होतो. ती सेवा टिकली नाही. १९९१ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधलेला हा विमानतळ पुढं एमआयडीसीकडं गेला आणि नंतर नांदेड, धाराशिव, बारामती, यवतमाळसोबत लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीकडं. म्हणून लोक चिडतात, आणि ती चीड खरी आहे. पण धावपट्टीच नको म्हणणं मला पटत नाही.

माझं एमआयडीसीत छोटं शेड आहे. डाळ मिलच्या चाळण्या आणि एलिव्हेटर बनवतो. तीन वर्षांमागं बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या खरेदीदाराचे चौघं जण चार्टर, म्हणजे खास भाड्यानं घेतलेल्या, विमानानं आले. त्यांना आणायला मी स्वतः गेलो होतो. विमान दिसायच्या आधी एक जीप धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरून आली. कुठं दगड, कुठं कुत्रं, सगळं बघत. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडत होती. दोन पंख्यांचं ते विमान उतरलं, थांबलं, आणि पायलटनं सगळ्यात आधी इंजिनांच्या तोंडांना लाल झाकणं बसवली. अकरा वाजता आलेली माणसं तीन कारखाने बघून, माझ्या शेडात वेल्डिंगचा सांधा बोटानं चाचपून, चार वाजता परत गेली. मुंबईला उतरून पुढं गाडीनं यायचं तर अख्खी रात्र रस्त्यात जाते. एवढा वेळ काढून ती माणसं माझ्यासारख्याच्या शेडात आली असती का? महिन्याभरात ऑर्डर आली आणि माझे सहा वेल्डर नऊ झाले. त्या तीन घरांत आज जो पगार जातो, तो त्या धावपट्टीवरून आलाय.

आणि आमच्या गल्लीतलं भाजलेलं लेकरू. त्याला हवाई रुग्णवाहिकेनं हलवलं, तेव्हा मी स्ट्रेचरच्या मागं होतो. डॉक्टर सलाइनची बाटली वर धरून चालत होते आणि पायलट सारखा पश्चिमेकडं बघत होता. अंधार पडायच्या आत उडायचं होतं. लेकरू वाचलं. पण तास-दीड तास उशीर झाला असता तर?

म्हणून मागायचं असेल तर धावपट्टीच्या कडेचे दिवे मागा, रात्री उतरायची सोय मागा. तिथं इंधन मिळायला पाहिजे. नाही तर विमानाला परतीचं इंधनही पोटात घेऊन यावं लागतं आणि तेवढा भार कमी न्यावा लागतो. कोणाची विमानं उतरली, किती शुल्क जमा झालं, हे दर महिन्याला लोकांसमोर मांडा. शेठजीचं विमान असो की मंत्र्याचं, उतरायचे पैसे त्या डांबराच्या देखभालीलाच लागले पाहिजेत.

कारण आपली जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्यांचं काय होतं ते रोज बघतो आपण. दोन किलोमीटरहून लांब धावपट्टी दोन पावसाळे दुर्लक्षित राहिली की भेगांतून गवत वर येतं, आणि मग नव्यानं बांधायचा खर्च कोण करणार? नांदेडचं बघा. २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं तिथला विमानतळ सुधारला आणि २७ एप्रिल २०१७ ला छोट्या शहरांना स्वस्तात विमानानं जोडणाऱ्या 'उडान' योजनेतल्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा नांदेड-हैदराबाद विमान पहिल्याच दिवशी उडालं. प्लॉट पाडले असते तर ते उतरलं कुठं असतं?

एक काम मात्र सरकारचं नाही, आपलंच आहे. भिंतीबाहेर आपण जो कचरा आणि कोंबड्यांची घाण टाकतो, त्यावर घारी घिरट्या घालतात. उतरणाऱ्या छोट्या विमानाच्या इंजिनात एक घार गेली, तर आतल्या माणसांचं काय होईल याचा विचार करा. रविवारी सकाळी सात वाजता मी फावडं, पोती आणि शेडातला टेम्पो घेऊन भिंतीपाशी असेन. टपरीवरच्या मित्राला आत्ताच फोन केला. येतो म्हणालाय.