साप दिसत नाहीये? मग सेटअप बरोबर चाललाय

आज सकाळी फीडवर एक फोटो आला आणि डोक्यात तिडीकच गेली. "वेलकम होम बेबी", पुढे हार्ट, आणि खाली ही भलीमोठी काचेची पेटी, निळी एलईडी पट्टी, आत प्लॅस्टिकचा किल्ला, एक कवटी, बाकी मैदान. त्या मैदानात मधोमध बॉल पायथनचं एवढंसं पिल्लू गोळा होऊन बसलेलं, डोकं वेटोळ्याच्या आत खुपसलेलं. आणि खाली कमेंटचा पाऊस, किती क्यूट, किती शांत आहे गं. शांत?? अहो घाबरलाय तो! घाबरला की असाच गोळा होतो आणि डोकं लपवतो, हे साप घरी आणायच्या आधी माहीत नको का?

मी आपलं सभ्यपणे विचारलं, लपायला जागा कुठे दिसत नाहीये? तर उत्तर आलं, "अगं मग तो दिसणार कसा? एवढा खर्च केलाय सेटअपवर."

हेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द, मी दादाच्या तोंडून ऐकलंय. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट माहितीये, तरी परत सांगते, कारण लोक परत परत तेच करतायत.

भाचीच्या हट्टापायी दादाकडे कॉर्न स्नेकचं पिल्लू आलं. वीत-सव्वा वीत लांब, जाडीला पेन्सिलीएवढं पण नाही. टँक हॉलमध्ये टीव्हीशेजारी, चारही बाजूंनी काच, आत एक फांदी, पाण्याची वाटी, वर बल्ब, बास. मग भाचीचा फोन, "आत्या, तो जेवतच नाहीये गं." मी जाऊन बघते तर पिल्लू पाण्याची वाटी आणि काच यांच्यामधल्या फटीत स्वतःला चेपून बसलेलं. एवढ्या मोठ्या टँकमध्ये अंगाला दोन्हीकडून काहीतरी टेकेल अशी तेवढी एकच जागा त्याला सापडली होती. आणि दादा मला कौतुकाने सांगतोय, "अगं आम्ही जवळ गेलो ना की शेपूट हलवतो, ओळखायला लागलाय!" दादा, तो कुत्रा नाहीये रे. कॉर्न स्नेक शेपूट थरथरवतो तेव्हा तो तुला 'चालता हो' म्हणत असतो.

सापाचं पिल्लू म्हणजे रानात सगळ्यांचं खाणं. पक्षी खातात, दुसरे साप खातात, सस्तन प्राणी खातात. त्याला उघड्यावर ठेवलं की त्याच्या हिशोबाने आता कोणीतरी येऊन उचलणार, आणि अशा वेळी कोण जेवेल? म्हणून कमीत कमी दोन हाइड, म्हणजे आत शिरून लपायच्या जागा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही घट्ट बसणारे, वेटोळं घातल्यावर पाठ छताला लागेल इतके घट्ट. दोन का, तर एकच ठेवलात तर त्याला ऊब किंवा सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं, आणि पिल्लू बहुतेक वेळा लपणंच निवडतं, मग भले अंगात ऊब नसल्यामुळे खाल्लेलं पचत नसलं तरी. मग ते उलटी करतं आणि आपण म्हणतो उंदीरच खराब होता.

ते "पिल्लाला मोठा टँक द्यायचा नाही, स्ट्रेस येतो" वालं ज्ञान पण आता पुरे. मोठ्या टँकने स्ट्रेस येत नाही, रिकाम्या टँकने येतो. झाडोरा, साली, फांद्या, कागदाचे बोळे, काहीही कोंबा, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला झाकलेल्या वाटेने जाता आलं पाहिजे. हां, छोटी पेटी गरम ठेवायला आणि पिल्लू शोधायला सोपी जाते, आणि ब्रीडर लोकांची पिल्लं छोट्या डब्यांत खाऊन पिऊन वाढतात, मान्य. पण वाढल्यावर तरी त्याला अंग सरळ ताणता येईल एवढी लांबी देणार आहात की नाही? कॉर्न स्नेक चार-पाच फुटांपर्यंत जातो हो. आणि वीस वर्षं जगू शकतो. बॉल पायथन तीस. तुमचा सोफा तेवढा टिकणार नाही.

बरं आता तापमान, कारण दादाकडचा खरा धक्का तिथे होता. काचेवर तो चिकटवायचा गोल काटेवाला थर्मामीटर होता, त्यावर २७. "बघ, परफेक्ट आहे," दादा म्हणाला. मी माझा प्रोबवाला, म्हणजे वायरच्या टोकाने तापमान मोजणारा, काढला आणि हीट मॅटच्या (टँकखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) वर, जिथे पोट टेकतं तिथे ठेवला. ४३! दुसऱ्या टोकाला २१. मॅट थेट प्लगमध्ये, ठरलेल्या तापमानाला वीज बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट नाहीच. म्हणे दुकानदाराने सांगितलं की मॅट आपोआप कंट्रोल होते. कसली आपोआप? आणि गंमत म्हणजे खालून भाजतंय म्हणून साप वेळेवर उठेलच असं नाही, पोट भाजेपर्यंत तिथेच पडून राहिल्याच्या केसेस आहेत. ते गरम होणारे दगड विकतात ना, हीट रॉक, ते तर मी बंदच केले असते. थर्मोस्टॅट ही चैन नाहीये लोकहो! पैसे कमी असतील तर किल्ला घेऊ नका, कवटी घेऊ नका, थर्मोस्टॅट घ्या.

कॉर्न स्नेकला गरम बाजूला साधारण २९ ते ३१ आणि थंड बाजूला २२ ते २५, बॉल पायथनला गरम ३१-३२ आणि थंड बाजूला २५-२६ च्या आसपास. सापाला अंगची उष्णता तयार करता येत नाही, तो इकडून तिकडे सरकून तापमान सांभाळतो, त्यामुळे सगळा टँक सारखा गरम करून ठेवणं पण चूकच. रात्रभर लाल बल्ब लावून ठेवणं पण. सापाला दिसत नाही म्हणे लाल उजेड, कोणी सांगितलं तुम्हाला? त्यालाही दिवस-रात्र असते.

आणि हे सगळं साप यायच्या आधी. साप आणून मग मॅट ऑर्डर करणारे लोक मी बघितलेत, आधी कळस मग पाया. रिकामा सेटअप आठवडाभर चालवून बघा ना, रात्री किती उतरतं, दुपारी किती चढतं, आर्द्रता कुठे थांबते. कॉर्नला ४०-६० टक्के चालते, बॉल पायथनला जास्त लागते, ६० च्या वर बरी, आणि वरून पूर्ण जाळी असली की ती टिकत नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा एका डब्यात ओलं मॉस घालून द्या, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यावरची राहून जाते, मग लोक चिमटे घेऊन बसतात!! चिमटा लावू नका कृपया. खाली सुरुवातीला साधा किचन पेपर घाला, दिसायला भिकार दिसतो पण विष्ठा दिसते आणि माइट्सचे, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांचे, काळे ठिपके दिसतात. देवदार किंवा पाइनचा भुसा नकोच, त्यातली तेलं सापाला बाधतात.

झाकण हा वेगळाच विषय. जिथून डोकं जातं तिथून अख्खं पिल्लू जातं, आणि सरकत्या काचांच्या मधली फट तर त्याच्यासाठी दरवाजाच आहे. वर पुस्तक ठेवलंय, ही सोय होत नाही. कुलूप लावा. आणि "एकट्याला कंटाळा येईल" म्हणून एका पेटीत दोन ठेवायचा विचार डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडा, कॉर्न स्नेक दुसऱ्या कॉर्न स्नेकला खाऊ शकतो.

मुळात साप पाळावाच का, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच आहे. येऊ दे. रास्त आहे प्रश्न. रानातला पकडून आणलेला तर अजिबात नको, आणि तुम्ही राहता तिथला कायदा आधी वाचा. पण जो ऑलरेडी कोणाच्या तरी हॉलमध्ये बसलाय त्याचं काय करायचं, मी त्याबद्दल बोलतेय.

तर दादाकडे आम्ही काय केलं, फार काही नाही. टँक टीव्हीपासून उचलून भाचीच्या खोलीत कोपऱ्यात नेला, तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद, थर्मोस्टॅट, आणि आत पुठ्ठ्याच्या नळकांड्या, एक उलटी ठेवलेली खोक्याची खाच पाडलेली झोपडी, बाकी चुरगाळलेले कागद. दिसायला कचऱ्याचा डबा. वहिनी म्हणाल्या पण तसं. आणि एक आठवडा हात लावायचा नाही, झाकण फक्त पाणी बदलायला उघडायचं, हे भाचीकडून वदवून घेतलं. बारा वर्षांच्या पोरीने पाळलं हो ते! वहीत रोज दोन्ही टोकांचं तापमान लिहायची, दादा मात्र रोज नळकांडं उचलून बघायचा की आहे का आत. तिनेच शेवटी त्याला दरडावलं, "बाबा, हात काढा."

त्यानंतर तिने संध्याकाळी दिवे कमी करून कोमट केलेली पिंकी (उंदराचं बिनकेसांचं मेलेलं पिल्लू) झोपडीच्या तोंडाशी ठेवली आणि सगळे बाहेर. तिने दाराच्या फटीतून बघितलं ते मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, आधी नुसती जीभ आली, दोन-तीनदा, मग नाकाचं टोक, परत आत, परत बाहेर, आणि मग पटकन ओढून घेतली. बोलताना आवाज दाबून बोलत होती, साप ऐकेल म्हणून बहुतेक. एवढं पण रागावू नये माणसाने दादावर, असं त्या दिवशी वाटलं मला. हौसेनेच आणला होता त्याने.

पण दादाचं त्यावर काय म्हणणं होतं? "आता तो दिसतच नाही, मग आणला कशाला?" झालं, परत डोकं फिरलं. बघायला हवं असेल तर मासे पाळा. आणि मासे पण नीट पाळा.

सकाळच्या त्या फोटोवाल्या बाईंनी माझी कमेंट डिलीट केलीये हे आत्ता लिहिता लिहिता कळलं. ठीके. तुमच्यापैकी कोणी पिल्लू आणणार असेल तर सेटअपचा फोटो मला इनबॉक्स करा, मी बघून सांगेन, वेळ काढेन, खरंच. पण साप आणायच्या आधीचा फोटो पाठवा, आणि त्यात थर्मोस्टॅटचा प्रोब कुठे ठेवलाय ते दिसलं पाहिजे. किल्ला असेल तर त्याला सापाचं अंग टेकेल एवढं भोक पाडून ठेवा, मग मी काही बोलणार नाही.