गोळी सुटता सुटेना

दारू सोडणाऱ्याचा सत्कार होतो. तंबाखू सोडणाऱ्याला निदान घरात मान मिळतो. पित्ताची गोळी सोडणाऱ्याचं मात्र कुणालाच काही वाटत नाही, कारण ती सोडायची वस्तू आहे हेच लोकांना पटत नाही.

मला ही गोळी लागली ती दाढेमुळे. दाढदुखीच्या औषधाने पोटाला त्रास नको, म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल लिहून दिली होती. पुढे दाढ काढली, दुखणं गेलं, दुखण्याचं औषधही गेलं. गोळी राहिली. सकाळी उपाशीपोटी चाळीस मिलिग्रॅमची एक, मग अर्ध्या तासाने चहा. आमच्याकडे वर्तमानपत्र बंद झालं, दूधवाला बदलला, पण या क्रमात खंड नाही.

परवा बी-बारा कमी निघालं तेव्हा नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "ही गोळी कधीपासून?"

"आमच्या सोसायटीला लिफ्ट बसली त्याच्या आधीपासून."

"आणि कशासाठी?"

इथे मी छताकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं घेतली तर बी-बारा, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल, अन्ननलिकेला जखमा असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर अशा पेशंटची गोळी त्या सहसा बंद करत नाहीत. "तुम्हाला यातलं काहीच नाही." इतकी वर्षं सांभाळलेलं आजारपण असं एका वाक्यात निकालात निघालं की माणसाला जरा लागतंच.

"मग उद्यापासून बंद?"

"छे! सावकाश. एकदम सोडलीत तर पित्त उसळेल."

त्यांनी समजावलं ते असं. ही गोळी जठरातले आम्ल सोडणारे पंपच बंद पाडते. आम्ल दिसेना, म्हणून गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढत जातं आणि आम्लाची यंत्रणाही वाढवत नेतं. म्हणजे कारखान्याला टाळं, माल निघत नाही आणि मालक नवीन भरती करतोच आहे. टाळं उघडलं की जुने-नवे सगळे कामगार एकाच पाळीला हजर! डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर यासंबंधी केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना याच जातीची गोळी आठ आठवडे देऊन थांबवली. त्यातल्या ४४ टक्क्यांना नंतर छातीत जळजळ, आंबट पाणी वगैरे सुरू झालं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के. आधी पोटाची काही तक्रार नसलेली डॅनिश माणसं ही. मी तर मिसळीच्या गावचा.

चाळीसवरून वीसवर यायचं ठरलं. घरात चाळीसच्या गोळ्या शिल्लक होत्या, म्हणून मी सुरी काढली. केमिस्टकडचा पोरगा फोनवर ओरडलाच, "काका, तोडू नका!" गोळीवर आवरण असतं म्हणे, ते फुटलं तर आतलं औषध जठरातल्या आम्लानेच खराब होतं. आम्लाचा बंदोबस्त करायला निघालेलं औषध, आणि ते आम्लाच्याच नजरेला पडता कामा नये! पोलीस संरक्षणात फिरणारे आमचे नगरसेवक आठवले.

वीसवर फार त्रास झाला नाही. दिवसाआड सुरू झाली आणि करपट ढेकरांनी घर दुमदुमलं. बातमी इमारतभर गेली. मराठी माणसाला हृदयविकारावर मत नसेल, पण पित्तावर असतंच. आत्याने मोरावळा पाठवला. मेहुण्याने थंड दूध सुचवलं. त्याने घटकाभर बरं वाटलं आणि मग जठर दुप्पट उत्साहाने कामाला लागलं. शेजारच्या वहिनींनी प्रेमाने पुदिन्याचा काढा दिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुदिन्याने जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, म्हणजे आंबट वर यायला रस्ता मोकळा. वहिनींना हे कसं सांगायचं या विचारानेच पुन्हा जळजळलं.

अगदीच असह्य झालं तर गुलाबी औषधाचे दोन चमचे घ्यायची मुभा होती. बाकी पथ्य झोपेचं. नुसत्या उशा रचून पोट दुमडतं, म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजूच वर घ्यायची. मी पायांखाली विटा लावल्या. मध्यरात्री आमची ही घसरत घसरत पायथ्याशी पोचली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, ती गोळी घ्या ना एकदाची!" झोपायचं डाव्या कुशीवर, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खालच्या अंगाला राहतं. हे ऐकून मी खूश झालो, आमची दुपारची वामकुक्षी शास्त्रीय ठरली म्हणून. पण जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, ही अट पुढच्याच वाक्यात होती. तीन तासांनी वामकुक्षी घ्यायची तर उठेपर्यंत रात्रीच्या जेवणाची वेळ होते.

हळूहळू उसळी ओसरली. आता गोळी रोजची नाही, खिशात स्ट्रिपही नसते. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नात मसालेभातावर दुसरा हात मारला आणि छातीत ओळखीची आग लागली. शेजारच्या पाटावरच्या काकांनी लगेच शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढली. समोरच्यांनी पर्समधून. मी नको नको म्हणत होतो, तेवढ्यात आमटीची बादली घेऊन आलेला वाढपी वाकून हळूच म्हणाला, "साहेब, साधी देऊ की गॅसवाली? आचारी दोन्ही ठेवतो."